जिन्यावरचा अकरा

१

मल्लव्वाचं कुणी खरं मानलं नाही, तिथनंच सगळं बिघडलं. नवऱ्याला सांगितलं तर नागाप्पा उशी पालथी करत म्हणाला, मांजर असंल. पोरीला सांगितलं तर रक्षिता म्हणाली, आई, डॉक्टरला दाखवून ये. माडीवर भाड्यानं राहणाऱ्या सोमशेखर सरांना सांगितलं तर त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, परत चढवला आणि उन्हानं लोखंड वाजतं, म्हणाले. शेजारच्या बनाबाईंना मात्र सांगावंच लागलं नाही. त्यांनी आपल्या कानानं ऐकलं होतं, आणि निकालही देऊन टाकला होता.

गोष्ट एवढीच. दुपारची जेवणं उरकली, भांडी पालथी पडली, कोल्हापूरची शनिवार पेठ आडवी झाली, की मागच्या अंगणातला लोखंडी जिना कुणीतरी चढायचं.

तो जिना मल्लव्वाला तोंडपाठ होता. लग्न होऊन गडहिंग्लजहून ती ह्या घरात आली तेव्हापासून तो स्वयंपाकघराच्या खिडकीला लागून उभा होता. नागाप्पा चढला की जिना कण्हायचा. रक्षिता एकाआड एक पायरी चढायची, तेव्हा तो खिदळायचा. सोमशेखर सरांची चप्पल त्यांच्यामागनं नाखुशीनं फरफटत जायची. भाकरी थापताना पाठीमागनं कोण वर गेलं, हे मान न वळवता मल्लव्वा सांगायची. पण हा चढणारा निराळा होता. टण्ण. मग इतका वेळ काहीच नाही की आपल्यालाच भास झाला वाटावं. मग परत टण्ण, आधीच्यापेक्षा जरा वरनं.

आणि उतरताना तो कधीच वाजत नव्हता. हे तिच्या उशिरा ध्यानात आलं. आलं तेव्हा तव्यावरची भाकरी काळी झाली, तरी तिला वास आला नाही.

बनाबाईंनी नळावर विषय काढला तो हवेचा. उन्हाळा केवढा, खाली जीव कसा घुसमटतो, तरण्या पोरींना वरची हवा लागतीच म्हणा. वर म्हणजे जिथं बिनलग्नाचे सर राहतात तिथं. हे त्या बोलल्या नाहीत. घागर कमरेवर घेऊन, काठी टेकत गेल्या. येत्या रविवारी रक्षिताला बघायला पेठ वडगावचे पाहुणे यायचे होते, आणि बनाबाईंची भाची वडगावातच दिलेली. ही हवा एसटीच्या आधी तिथं पोचणार होती. मल्लव्वाची शाळा चौथीत सुटली असली तरी एवढा हिशेब तिला येत होता.

२

ह्याची सुरुवात सांडग्यापासून झाली.

सोमशेखर सर नेसरीचे, कॉलेजात गणित शिकवायला. अठ्ठ्याण्णव साल होतं ते. सरांनी नवा कॉम्प्युटर घेतला होता आणि त्याच्या जोडीला एक प्रिंटर, जो सुरू झाला की खाली मल्लव्वाला फोडणी तडतडलेली ऐकू येत नसे. करवत चालवल्यागत खर्र खर्र करत त्यातनं कागद निघायचे, कडेला भोकं पाडलेले, एकाला एक जोडलेले, आणि त्यावर अक्षर नाही की चित्र नाही, नुसते ठिपके. नकोसे झालेले कागद सर मल्लव्वाला द्यायचे. फळीवर घालायला चांगले होते.

सांडगे घालायला गच्चीवर गेली तेव्हा तिनं त्यातलाच एक लांब कागद खाटेवर अंथरला आणि वर प्लॅस्टिक घातलं. प्लॅस्टिकमधनं ठिपके दिसत होते. जवळनं बघितलं तर खसखस सांडल्यासारखे. पण कंबर सरळ करून दोन पावलं मागं झाली, आणि बघतच राहिली. ठिपके ओळीनं चालले होते. काही ओळी वर चढत होत्या, काही उतरत होत्या, एकमेकींना छेदत वेणीसारख्या गुंफल्या होत्या, आणि त्या वेणीतले निम्म्याहून जास्त पेड कुणीतरी उपसून नेलेत तशा मधे रिकाम्या वाटा सुटल्या होत्या.

"कसली रांगोळी म्हणायची ही, सर?" तिनं खोलीच्या दारातनं विचारलं.

सरांना आजवर हे कुणीच विचारलं नव्हतं, कॉलेजातसुद्धा नाही. ते धावत बाहेर आले. हा साइनचा आलेख, आणि साइन म्हणजे एक पाळणा धरा, म्हणाले. पाळणा झुलतोय आणि आपण एक, दोन, तीन मोजत चाललोय. ज्या आकड्याला पाळणा जितका वर किंवा खाली, तितक्या उंचीवर त्या आकड्याचा ठिपका. चव्वेचाळीस आकडे पुढं गेलं की पाळणा जवळजवळ होता तिथंच येतो, केसाएवढा फरक राहतो, म्हणून ठिपक्यांच्या अशा ओळी दिसतात. पण सर सगळ्याच आकड्यांना ठिपका देत नव्हते. फक्त मूळ संख्यांना, म्हणजे ज्यांना एक आणि स्वतः सोडून दुसऱ्या कुणाचा भाग जात नाही, त्यांनाच.

"कुणाच्यात न मिसळणारी माणसं म्हणा की," मल्लव्वा म्हणाली. तिच्या सासरी तशी बरीच होती.

म्हणून तर ह्या वाटा रिकाम्या, सर म्हणाले. सम आकड्यांच्या रिकाम्या, अकरानं भाग जाणाऱ्यांच्याही रिकाम्या. मग मल्लव्वानं कागदाच्या डाव्या कोपऱ्यात, अगदी तळाला, बोट ठेवलं. एका रिकाम्या वाटेच्या तोंडाशी एकच ठिपका होता.

"आणि हा कोण?"

"तो अकरा. तो स्वतः मूळ आहे, म्हणून त्याला जागा. त्याच्यापुढं त्या वाटेवर पंचावन्न येतो, नव्व्याण्णव येतो, सगळ्यांना अकरानंच भाग जातो. तिथं दुसरं कुणी बसूच शकत नाही, अक्का. ती वाट शेवटपर्यंत मोकळी."

तसा दोनचा ठिपकाही एकटाच होता, पण तो वरच्या अंगाला, माडीवर गादीला टेकून बसल्यागत. अकरा मात्र तळाला, दारात चपला काढून ताटकळत उभा असल्यासारखा. आणि त्याच्यासमोरची ती वाट हळूहळू चढत थेट वर गेली होती.

सर तासाला निघून गेले. मल्लव्वानं आयत्या ठिपक्यांवर एकेक सांडगा घातला. शेवटी बोटांना एकाच सांडग्याचं वाटण उरलं, ते तिनं अकरावर ठेवलं. आणि तिथं चूक झाली. आता चूक तरी कसली? कोल्हापुरात दारात कुणी उभं दिसलं की माणूस जे म्हणतो तेच ती म्हणाली.

"काय पावणं, खालीच का उभं? या की वर."

३

सांडगा कावळा नेतो, खार नेते. वाऱ्यानं उलटतो. जागेवरनं सरकत मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी बाकीचे सगळे आपापल्या ठिपक्यावर वाळत होते. अकरावरचा तेवढा तिथं नव्हता. तो त्या रिकाम्या वाटेवर थोडा पुढं, थोडा वर बसला होता, आणि जुन्या जागी प्लॅस्टिकवर त्याचा ओला गोल डाग राहिला होता. मल्लव्वानं तो उचलून परत तळाला ठेवला. त्याच दुपारी जिना पहिल्यांदा वाजला.

तिसऱ्या दिवशी सांडगा परत वर. मल्लव्वा घाबरणाऱ्यातली बाई नव्हे. तिनं तो उचलला, खाली आणला, तेलात सोडला, लाल तळला आणि नागाप्पाच्या ताटात वाढला.

"ह्यात मीठ न्हाय," नागाप्पा म्हणाला.

विषय मिटला, असं समजून ती पदर डोक्याखाली घेऊन आडवी झाली. डोळा लागतो न लागतो तोच टण्ण. खिडकीच्या वरच्या गजाच्याही वर.

ती उठून तरातरा जिना चढून गेली. जिन्यावर कुणी नव्हतं. सर प्रिंटरपुढं बसले होते आणि त्यातनं नुकताच निघालेला कागद त्यांच्या मांडीवर लोळत होता. मल्लव्वानं आधी तळाचा डावा कोपरा बघितला. कोपरा रिकामा होता. मग ती वाट डोळ्यांनी चढत गेली. निम्म्यावर, जिथं कुणी बसूच शकत नाही तिथं, एक ठिपका होता.

सरांनी चष्मा पुसला. आकडा शोधून काढला, कागदाच्या कडेला पेन्सिलनं भागाकार केला. मग तो खोडून पुन्हा केला.

"ह्याला अकरानं भाग जातो," ते म्हणाले.

"मग?"

"मग ठिपका पडायला नको."

"पडलाय की."

प्रिंटरचा दोष, सर म्हणाले. शाईची पट्टी खराब. आज्ञा नव्यानं टाइप करून त्यांनी दुसरा कागद काढला. खर्र खर्र संपलं तेव्हा ठिपका आणखी वर गेला होता. आणि आता तो इतर ठिपक्यांएवढा राहिला नव्हता. मोहरीएवढा झाला होता. खाली लोखंड वाजलं, दोघांनीही ऐकलं, आणि दोघांनीही उन्हालाच दोष दिला.

"वर पोचल्यावर काय करतो त्यो?" मल्लव्वानं विचारलं.

सरांनी पेन्सिल कागदावरनं वर नेली आणि खाली आणली. "पाळणाच तो, अक्का. वर टेकला की थांबत नाही. खाली येतो."

४

नळावर आता बायका मल्लव्वा आली की बादलीत बघायला लागल्या. एकीनं तर रक्षिताची तब्येत विचारली. रक्षिता ठणठणीत होती. बालवाडीत शिकवायची आणि दुपारी घोरायची. पण घोरते म्हणून कुणाला सांगणार, आणि तेही बघायला येणार त्याच आठवड्यात?

मल्लव्वानं ठरवलं, धरायचाच. बंबातली राख घमेल्यात भरली, चाळली आणि जिन्याच्या पायऱ्यापायऱ्यांवर पातळ पसरली. सर कॉलेजात होते. रक्षिताला तिनं आपल्या शेजारी झोपवलं आणि तिच्या वेणीचं टोक स्वतःच्या मनगटाला बांधलं. नागाप्पानं हे बघितलं, पण तीस वर्षांच्या संसारात काय विचारायचं नाही हे तो शिकला होता.

टण्ण.

वेणी मनगटालाच होती. मल्लव्वा ती सोडून बाहेर पळाली. राखेत पाऊल नव्हतं. प्रत्येक पायरीच्या मधोमध एक गोल उमटला होता, समोरचा रुपयाएवढा, कडा स्वच्छ, बोटानं टिकली उठवावी तसा. गोल पायरीपायरीनं वर जात होते आणि शेवटच्या पायरीच्या थोडं अलीकडं थांबले होते.

तिला आधी हसू फुटलं. काठी. बनाबाईंची काठी. म्हातारी येऊन ठोकून जाती आणि नळावर गावभर करती. मल्लव्वा तशीच राखेच्या पायांनी शेजारी गेली. बनाबाई कट्ट्यावर बसल्या होत्या, दोन्ही गुडघ्यांना तेल लावून वर फडकी बांधलेली. काठी भिंतीला. मल्लव्वानं विचारलं नाही, काठी उचलली आणि चालू लागली.

"अगं ए, माझी काठी," बनाबाई मागनं म्हणाल्या. "मी उठू कशी?"

खालच्या पायरीवर मल्लव्वानं काठी राखेत टेकवून बघितली. गोलाला गोल जुळला. ती खूश झाली. मग तिच्या डोक्यात आलं, की काठीबरोबर पाय कुठायत? एवढ्या राखेत म्हातारीचं एक बोट उमटू नये? काठी चढली आणि बाई कट्ट्यावर राहिली, असं कसं? तिनं वरचा गोल बघितला. मग त्याच्यावरचा. काठी त्यात टेकवली तर आजूबाजूला जागा उरत होती. प्रत्येक पायरीला गोल मोठा होत गेला होता. शेवटचा वाटीएवढा होता.

तिनं जिना धुऊन काढला आणि काठी परत नेऊन दिली.

"घावलं का चोर?" बनाबाईंनी गोड आवाजात विचारलं. "का घरातलंच निघालं?"

मल्लव्वा पाठ फिरवून घरी आली, आणि पेठेत तिनं कुणाचं बोलणं असं अंगावर घेण्याची ही पहिलीच वेळ.

५

रविवारी वडगावचे पाहुणे आले. मुलगा श्रीशैल, त्याची आई, आणि वडील गुरुपादअण्णा. जनावरांच्या बाजारात आयुष्य गेल्यानं अण्णांचा आवाज असा, की त्यांनी नुसतं "बरं हाय का" म्हटलं तरी रस्त्यावरची माणसं थांबावीत.

सोमशेखर सरही खालीच होते. शनिवारी रात्री ते गादी घेऊन खाली आले, वर फार उकडतं म्हणाले. येताना प्रिंटरची वायर उपसून आणली होती, ती मल्लव्वानं तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवली. नागाप्पानं पाहुण्यांना सरांची ओळख "आमच्या घरचंच माणूस" अशी करून दिली, तेव्हा बायकोनं त्याच्याकडं असं बघितलं की तो पोह्यातली मिरची शोधायला लागला.

बोलणं रंगात होतं. रक्षितानं खाली बघून उत्तरं दिली, आणि श्रीशैलनं नको नको म्हणत दुसऱ्यांदा पोहे घेतले. मग मुलाच्या आईनं बशी खाली ठेवून पदर सारखा केला.

"राग मानू नका, ताई. पण आमच्या कानावर आलंय. दुपारचं कोण तरी तुमच्या जिन्यानं वर जातं म्हणं."

रक्षितानं हातातल्या कपबश्या खाली ठेवल्या. सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला, जे त्यांनी आत्ता करायला नको होतं.

टण्ण.

मल्लव्वाला आधी आनंदच झाला. ऐका म्हणावं. पोर तुमच्या म्होरं बसलीया, सर भिंतीला टेकलेत, नवरा मिरची चघळतोय. ऐका कान उघडून. ज्याचं कुणी खरं मानलं नाही ते आता अख्ख्या खोलीनं ऐकलं होतं. पण हा आनंद पुढच्या श्वासापर्यंतच टिकला. आवाज शेवटच्या पायरीचा होता. त्या पायरीचा एक बोल्ट ढिला होता, तिचा सूर वेगळा यायचा.

"पाणी आणतो," म्हणून ती उठली.

स्वयंपाकघरात तिनं दिवा लावला नाही. वरनं खर्र खर्र ऐकू येत होतं. वायर तांदळात होती. तिनं मागचं दार उघडलं आणि अंगणात येऊन वर बघितलं.

ऊन रणरणत होतं. सरांच्या दाराशेजारच्या चुन्याच्या भिंतीवर एक सावली पडली होती, काळी, गोल, परातीएवढी. सावली पडायला मधे काहीतरी असावं लागतं. मधे नुसतं ऊन होतं. आणि ती दारात घुसत नव्हती, फिरत नव्हती. उभी होती. जरा एका अंगाला सरून, अदबीनं, वाट बघत. मल्लव्वानं आयुष्यात शेकडो पाहुण्यांना तसं उभं राहिलेलं बघितलं होतं. "या" म्हटलं म्हणून आलेलं माणूस "बसा" म्हणेपर्यंत जसं उभं राहतं, तसं.

आणि तिच्या जिभेवर तो शब्द आला. सवयीनं, आईच्या घरापासून लागलेल्या वळणानं. ब उमटलाही. तिनं जीभ चावली, इतकी की तोंडात रक्ताची चव आली.

आतनं गुरुपादअण्णांचा आवाज आला, बाजारातला, मोकळा, माणुसकीचा.

"कोण हाय वो वर? खाली या की पावणं. च्या घ्या."

सावली वळली. गोल वळला हे कसं कळलं, ते मल्लव्वाला पुढं कधी सांगता आलं नाही. पण वळली.

ती आत आली, मागचं दार लावलं, कडी घातली आणि दाराला पाठ लावली. तिथनं तिला बाहेरच्या खोलीतली सगळी माणसं दिसत होती. सगळे तिच्याकडं बघत होते. उतरताना तो सावकाश नव्हता. टण्ण, टण्ण, टण्ण, एखाद्याला घरचं बोलावणं आल्यासारखा. सर तोंडातल्या तोंडात कसलेतरी आकडे भागत होते. मग लोखंड संपलं आणि अंगणातली फरशी लागली. ठक्.

"कोण वो ते?" मुलाच्या आईनं विचारलं. तिची नजर मल्लव्वावरनं हलली आणि रक्षितावर जाऊन थांबली, आणि ते बघून मल्लव्वाच्या पोटातलं भय बाजूला सरलं. खरं सांगावं तर वेड्याच्या इस्पितळात जावं लागणार. कुणी न्हाय म्हणावं तर पोरीचं कपाळ फुटणार.

ठक्. फरशीवर, जवळ.

"आमच्या शेजारच्या हाईत त्या," मल्लव्वा म्हणाली. आवाज तिचाच होता, नळावरचा, ठणठणीत. "काठीवर येत्यात. रोज दुपारचं वर चढत्यात. सर घरात असूदेत, नसूदेत. वयाकडं बघून आम्ही गप्प बसतो. तुमच्या वडगावातच भाची दिलीया बघा त्यांची."

सरांच्या हातातनं चष्मा पडला. मुलाच्या आईचं तोंड उघडलं, मिटलं, आणि चेहऱ्यावर हळूहळू उजाडलं. ही हवा तिच्या कानावर कुणाकडनं आली होती ते तिला आठवलं असावं.

"अगं बाई," ती म्हणाली. "म्हंजे त्याच व्हय? नाव काय त्यांचं?"

मल्लव्वाच्या पाठीमागं, दाराच्या फळीवर, अगदी खाली टाचेशी, कुणीतरी एकदाच टकटक केली. हळू. अदबीनं.

"बनाबाई."